सातबाऱ्यावरचं नाव

परवापासून आमच्याकडे भातकापणी सुरू झाली. सकाळी बांधावरच्या गवताने पाय ओले होतात, दुपारी ऑक्टोबरचं ऊन पाठ भाजून काढतं आणि चहाच्या वेळेला भीमाशंकरच्या बाजूने ढग वर यायला लागतात. परतीचा पाऊस अजून गेलेला नाही. कापून आडवं टाकलेलं भात खाचरांत पसरलंय. त्याला चांगली उन्हं मिळाली तर घरात दाणे येतील, एक मोठी सर आली तर शेतातच कोंब फुटतील. माणसं एकदा वर बघतात. विळे जरा घाईने चालायला लागतात.

पिकलेल्या भाताचा हा कोरडा, गोडसर वास मला लहानपणापासून आवडायचा. आता तो आला की नकोसा होतो. कारण मागच्या कापणीत, याच खाचरांत उभं राहून, मला एका माणसाबद्दल ठरवायचं होतं. त्याचा जीव माझ्यावर आहे, की सातबाऱ्यावरच्या माझ्या नावावर? ऐकायला हा प्रश्न फार हलका वाटतो, हे मला माहीत आहे. शहरातल्या मैत्रिणींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या होत्या. त्यांच्या घरात कोणी सातबारा बघितलेला नव्हता.

आमचं गाव कडावच्या पुढे. घरामागे चार खाचरं, मग उतार, मग नदी. वीजघरातून सोडलेलं पाणी येतं म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहते. आम्हाला ती पोहायला आणि धुणी धुवायला उपयोगी. पण गेल्या काही वर्षांत तिच्याकडे बघणारे डोळे बदलले. नेरळपासून कर्जतपर्यंत आणि तिकडे खालापूरच्या अंगाला, शेताच्या मधोमध लोखंडी गेटं उभी राहिली. गेटाच्या आत लाल मातीचा रस्ता, रस्त्याला विजेचे खांब, आणि खांबांच्या उजेडात कोणीच नाही. गेटावर वॉचमन असतो. पुष्कळदा तो त्याच जमिनीचा जुना मालक असतो. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीचे वडील असेच बसतात. मी तिथून गेले की ते खुर्चीतून उठून उभे राहतात. मला ते बघवत नाही.

या गेटांमागचा एक नियम आमच्या तालुक्यात लहान पोरांनाही पाठ आहे. आपल्या राज्यात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकत घेता येते. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तो शेतकरी. म्हणून मुंबई-ठाण्याहून जे येतात ते आधी जमीन शोधत नाहीत, नाव शोधतात. एजंट चहाच्या टपरीवर बसून उघड विचारतात, कोणाचं नाव आहे का? जणू नाव म्हणजे भाड्याने मिळणारा टेंपो.

माझं नाव आहे. बाबा गेले तेव्हा आई, मी आणि भाऊ, तिघांची नावं लागली. बाबा रसायनीच्या एका कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी पत्रकं लिहीत. पिवळ्या नाहीतर गुलाबी स्वस्त कागदावर, कर्जतच्या एका छापखान्यात छापून घेत आणि सायकलला पिशवी अडकवून गावोगाव वाटत. बाराखडी मी शाळेत शिकले, पण वाचायला शिकले पत्रकांवर. उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या पुस्तकांना असायची. त्यामुळे इतिहासाच्या पुस्तकावर पाणीपट्टीचा निषेध आणि गणितावर मुलींचा वारसाहक्क. पत्रकाची एक भाषा असते. त्यात वाक्य लहान असतं, बोट समोर रोखलेलं असतं आणि ‘कदाचित’ हा शब्द नसतो. मी त्या भाषेत वाढले. अजूनही तिच्यातच विचार करते, आणि ते मला कमीपणाचं वाटत नाही.

वारसाहक्काच्या पत्रकाचं पहिलं वाक्य मला आजही पाठ आहे. ‘लेकीकडे हक्कसोडीची सही मागायला याल, तर आधी तिच्या डोळ्यांत बघा.’ हक्कसोड म्हणजे बहिणीने भावासाठी आपला वाटा सोडून दिल्याचा कागद. आमच्याकडे तो साडी-चोळी देऊन घेतात. कागद झाला की बहिणीला जेवायला वाढतात.

सरकारी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी समाजधोरण शिकायला इंग्लंडात शेफील्डला गेले. तिथला ऑक्टोबर मला कळेचना. पानं पिवळी होत, मग लाल, आणि लोक त्यांचे फोटो काढत. मला मात्र पिवळं दिसलं की हात शिवशिवायचे, कापायला हवं असं वाटायचं. दुपार अर्धी होते न होते तोच अंधार पडायचा. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात मी एकदा सुकट भाजली आणि आगीचा भोंगा वाजला. अख्खी इमारत थंडीत रस्त्यावर. कोणी अंगाभोवती ब्लँकेट गुंडाळलेलं, कोणी एका पायात चप्पल. सगळे कपाळाला आठ्या घालून उभे आणि एक मुलगा खांदे हलवत हसत होता. जवळ येऊन मराठीत म्हणाला, “सुकट होती ना? मग एवढ्या लोकांना उगाच बाहेर काढलंस. जेवायला बोलवायचं होतंस.”

तो ऋत्विक. ठाण्याचा. शहरनियोजन शिकायला आलेला. घरी सुकट कधी शिजली नसेल असं त्याचं आडनाव, पण त्या संध्याकाळी तो माझ्या ताटातली सुकट भाकरीशिवाय, पावाबरोबर खाऊन गेला.

शेफील्ड डोंगरउतारावरचं गाव आहे. आम्ही चढत असू आणि बोलत असू. अशाच एका चढावर मी म्हणाले की घरी आता कापणी चालू असेल. त्याने विचारलं, स्वतःची शेती आहे का? मी हो म्हणाले. तो दोन पावलं चालला, थांबला आणि म्हणाला, “सातबाऱ्यावर तुझं नाव आहे?”

मी त्याच्या प्रेमात पडले ती तिथे. दुसऱ्या कोणत्याही मुलीला या वाक्याने गुदगुल्या झाल्या नसत्या. पण माझ्या कानांनी त्यात बाबांचं पत्रक ऐकलं. आजवर एकाही पुरुषाने मला हे विचारलं नव्हतं, सोबत मोर्चात चालणाऱ्या मुलांनीसुद्धा नाही. ते समतेवर तासभर बोलत, आणि घरी बहिणीचं नाव लागलंय का म्हटलं की विषय बदलत. आणि इथे, परक्या थंडीत, नाक लाल झालेला एक मुलगा विचारत होता, तुझं नाव आहे का? मी अभिमानाने म्हणाले, आहे. तो म्हणाला, छान. त्या ‘छान’वर मी हिवाळा काढला.

हे मी चुकीचं ऐकलं का? तो प्रश्न बरोबरच होता. बरोबर प्रश्न ऐकून मन भरून येणं हा दोष नव्हे. फक्त एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, की आपल्या बाजूचं वाक्य समोरचा स्वतःच्या बाजूसाठीही बोलू शकतो.

त्याच्या बाजूनेही लिहायला हवं. मला ताप आला होता तेव्हा तो दारात खुर्ची टाकून बसून राहायचा, कारण त्याला वाटायचं की आत आलेलं मला आवडणार नाही. माझ्या फोनमध्ये बाबांच्या पत्रकांचे फोटो होते. त्याने ते सगळे वाचले आणि एका ठिकाणचं शुद्धलेखन चुकलंय म्हणून माझ्याशी भांडला. मी चिडले तर म्हणाला, ते असते तर मी त्यांच्याशीच भांडलो असतो. कोणी मेलेल्या माणसाशी इतक्या आपलेपणाने वाद घालतं का? हे सगळं खोटं होतं असं मला कधीच म्हणता येणार नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

लग्नाचं बोलणं निघालं तेव्हा त्याने आधीच सांगून टाकलं की नाव बदलू नकोस, आहे तेच ठेव. मी त्याच्या गळ्यात पडले. पुढे कितीतरी दिवसांनी, भांडी घासताना, माझ्या मनात एकदम आलं की नाव बदललं तर सातबाऱ्यावरच्या नावाशी जुळवताना खटपट पडते. हातातलं भांडं मी तसंच धरून उभी राहिले. नळ वाहत होता. असा विचार मनात येणं किती वाईट, असं एकदा वाटलं, आणि असा विचार वेळेवर न येणं किती वाईट, असंही वाटलं.

वसंतात त्याच्या वडिलांशी व्हिडिओवर बोलणं झालं. हसरा माणूस. ते आणि त्यांचे दोन मित्र मिळून शनिवार-रविवारची घरं बांधतात, एवढं ऋत्विकने सांगितलं होतं. त्यांनी माझ्या अभ्यासाची चौकशी केली, आईची केली, मग म्हणाले, गाव कुठलं म्हणालीस? मी सांगायला तोंड उघडलं, तोच मागून ऋत्विक म्हणाला, “बाबा, सांगितलं ना, कडावच्या पुढे. रिव्हर टच आहे.”

रिव्हर टच. हे शब्द टपरीवरच्या एजंटांचे. मी त्याला नदी सांगितली होती. बाबा कारखान्यातून आले की त्या पाण्यात उभे राहून हात घासायचे, तरी नखांतला रंग जायचा नाही, ते सांगितलं होतं. मी कुठल्या दगडावरून पहिली उडी मारली, ते सांगितलं होतं. त्याने वडिलांना एवढंच सांगितलं होतं, रिव्हर टच.

मी त्याला सरळ विचारलं की तुझे बाबा माझ्या जमिनीबद्दल का विचारतात? तो हसला आणि म्हणाला, “अगं, ते सगळ्यांच्याच जमिनीबद्दल विचारतात.” मीही हसले. हसू थांबल्यावर ते उत्तर पुन्हा आठवलं, आणि मग हसू आलं नाही.

शिक्षण संपवून मी परत आले ती भाताला लोंब्या आलेल्या असताना. ऋत्विकही परतला आणि ठाण्याहून निरोप आला की त्यांच्या घरच्यांना लग्न मान्य आहे. कसलीही अट नाही, पत्रिका नाही, बैठक नाही. आईने निरोप ऐकला आणि तांदूळ निवडायला बसली. मग म्हणाली, “जातीचं कायच बोलले नाय गं ते.”

तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीती होती, आणि ती भीती माझ्यात उतरली. आम्ही बौद्ध. आजोबांनी ज्यांची जमीन कूळ म्हणून कसली, त्यांच्या ओटीच्या पायरीवर ते कधी बसले नाहीत. जात आडवी आली असती तर मी लढले असते. ती लढाई मला येते, तिची सगळी वाक्यं मला पाठ आहेत. पण जात आडवी आलीच नाही. ती अशी मुकाट बाजूला सरकली, जणू तिच्यापेक्षा मोठं काहीतरी मागून येत होतं आणि तिने त्याला वाट दिली. माणसं बदलली असतील, मी स्वतःला सांगायचे. बदलतात माणसं. आम्ही पत्रकं वाटतो ती आणखी कशासाठी?

आत्याला मात्र मी सगळं सांगितलं. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. कापणीला दरवर्षी येते, कंबरेत वाकली तरी तिचा विळा माझ्यापुढे असतो. बांधावर बसून ती तंबाखू मळत ऐकत होती. मी म्हणाले, त्याचं प्रेम आहे की त्याला नाव हवंय, हेच मला कळत नाही. तिने तंबाखूवर थाप मारली.

“एकच काय तरी असाया पायजे का?” ती म्हणाली. “तुज्या बापाचा माज्यावर जीव नवता का? व्हता. माज्या बाळंतपनाला नदी पोहून आलता तो. आनि सहीबी घेतली.”

मला ते माहीत नव्हतं. हक्कसोडीविरुद्ध पत्रक लिहिणाऱ्या माझ्या बाबांनी आधी बहिणीची हक्कसोड घेतली होती. आत्या सांगत होती की साडी हिरवी होती, जेवायला गोड केलं होतं, आणि ते पत्रक छापल्यावर पहिली प्रत घेऊन बाबा तिच्याकडे गेले होते. तिला वाचता येत नव्हतं. बाबांनीच वाचून दाखवलं आणि वाचताना रडले. मग, मी विचारलं, जमीन परत दिली? आत्या हसली. “खुळी का तू? पत्रक दिलं की.”

त्या दिवशी उरलेलं खाचर मी कसं कापलं मला आठवत नाही. उभ्या भातात काय दडून बसलंय ते कापल्याशिवाय दिसत नाही. कधी लावा पक्षी असतो, कधी उंदराचं बीळ, कधी घोणस. आपण मूठ धरून पुढे सरकत असतो आणि न दिसणारं ते आपल्यापुढे सरकत असतं, शेवटच्या कोपऱ्याकडे. शेवटच्या कोपऱ्यावर आली की आमच्याकडची माणसं विळा जपून चालवतात.

ऋत्विक आणि त्याचे आईवडील आले ते अशाच एका दुपारी. त्याची आई आमच्या आईसाठी साडी घेऊन आली होती. साडी दिसताच आत्या उठून मागे गेली. त्याचे वडील घरात बसलेच नाहीत. हवा काय छान आहे म्हणत ते थेट खाचरांकडे निघाले. पांढरे बूट घालून बांधाबांधाने चालत, कोपऱ्यावर थांबत, वळत, नदीपर्यंत गेले. भाऊ भारे बांधत होता, तो मला हळूच म्हणाला, “ताई, हे सोयरे हायेत का मोजनीदार?” मला हसायला हवं होतं.

ऋत्विक माझ्याबरोबर खाचरात आला. त्याने विळा मागितला, दोन मुठी कापल्या आणि बोट कापून घेतलं. मी त्याला रुमाल बांधत होते. त्याचा हात गरम होता, ओळखीचा होता. तो हात धरूनच मी त्याला म्हणाले की मी भावाच्या नावे हक्कसोड करून द्यायचं म्हणतेय. ते खरं नव्हतं. भावाने कधी मागितलीच नव्हती. पण मला त्याचा चेहरा बघायचा होता. माझ्या लेखी त्याहून मोठं पाप नाही, हे त्याला ठाऊक होतं.

तो दचकला. म्हणाला, “सही करू नकोस, प्रज्ञा. तो तुझा हक्क आहे.”

खाचरात बगळे उतरले होते. मी रुमालाची गाठ आवळली. माझ्यावर आणि माझ्या विचारांवर प्रेम करणारा माणूस हेच वाक्य बोलला असता. आणि ज्याला फक्त नाव हवंय तोही हेच, असंच, याच घाईने बोलला असता. दोन्हींत एका अक्षराचा फरक पडला नसता. मला तेव्हा समजलं की त्याचं आजवरचं प्रत्येक वाक्य असंच होतं, कुठेही बोट ठेवता न येण्याइतकं बरोबर. जमीन मध्ये आली की प्रेम खोटंच होतं असं नाही. पण ते खरं आहे हे सिद्ध करायची वाट बंद होते. त्याची, आणि माझीही. ‘कदाचित’ हा शब्द मी त्या खाचरात शिकले, आणि त्याच्यासोबत जन्म काढायचा का, हा प्रश्न घेऊन घरी आले.

अंगणात चहा झाला होता. ढग खाली आले होते, वारा पडला होता, खळ्यावरची माणसं पेंढ्यांवर प्लास्टिक ओढत होती. त्याचे वडील परतले. बुटांना चिखल लागला होता, चेहऱ्यावर समाधान होतं. ते आईला म्हणाले की जागा सोन्यासारखी आहे, तुम्ही नशीबवान. आईने हात जोडले. आई असे हात जोडते तेव्हा मला राग येतो.

मी उभी राहिले. म्हणाले की लग्नाआधी एक बोलून घ्यायचंय. या जमिनीवर भातच होईल. कुंपण नाही, बंगला नाही, प्लॉट नाही. आणि मी शेतकरी आहे म्हणून माझ्या नावावर दुसऱ्या कोणासाठी कुठेही एक गुंठाही घेतला जाणार नाही. तुमच्यासाठी नाही, तुमच्या मित्रांसाठी नाही. ठाण्यात राहायचं की इथे, ते आम्ही दोघं ठरवू. बाकी मला काही नको.

त्याची आई खाली बघायला लागली. वडील मात्र अजिबात रागावले नाहीत. उलट मायेने हसले. म्हणाले, “अगं बेटा, आपण घरचीच माणसं ना आता? ते नंतर बघू.”

नंतर बघू. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनाही, आता गेटावर बसतात त्यांना, जमीन विकताना असंच म्हटलं होतं कोणीतरी, घरातली एक खोली कायम तुमची राहील का, असं त्यांनी विचारलं तेव्हा. मी म्हणाले, काका, नंतर नाही. मग ऋत्विककडे वळले. मला त्यांच्याकडून काही नको होतं. त्याच्याकडून एक शब्द हवा होता, हो किंवा नाही. नाही म्हणाला असता तरी मी त्याच्याशी भांडले असते, शेफील्डच्या चढांवर भांडायचे तशी, आणि भांडणातून काहीतरी उरलं असतं.

“तू सांग,” मी म्हणाले.

त्याने वडिलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग रुमाल बांधलेल्या बोटाकडे. माझी आई किटली घेऊन उभी होती. तो तिच्याकडे वळला.

“काकू, चहा छान झालाय,” तो म्हणाला.

आईने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्याचा कप रिकामा झाला होता. आईने त्याला पुन्हा चहा विचारला नाही.